समजेल असं वाचा : पंडिता रमाबाई आणि मूळ भाषेतलं वचन

आजचे वाचन : नहेम्या ८:१–८



आजच्या वाचनात यरुशलेमेतले सगळे लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकणाऱ्यांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, आणि ज्यांना ज्यांना समजू शकतं ते सगळे आहेत. लेवी लोकांमधून फिरत वाचलेल्याचा अर्थ सांगतात. आठवं वचन नीट पाहा. तिथे दोन कामं आहेत : शास्त्र स्पष्ट वाचणं आणि त्याचा अर्थ लोकांना समजावणं. त्यानंतर लोक रडू लागतात, कारण ऐकलेलं आत पोचलेलं असतं.

जुन्या काळी ही दोन्ही कामं एकाच पानावर केलेली दिसतात. ग्रीक भाषेतल्या शुभवर्तमानांची हस्तलिखितं चर्मपत्रावर लिहिलेली असत. श्रीमंत मठांसाठी किंवा राजघराण्यासाठी केलेल्या पोथीत सोन्याची शाई, रंगीत नक्षी आणि प्रत्येक शुभवर्तमानाच्या आधी ते लिहिणाऱ्याचं चित्र असे. काही पोथ्यांत पानाच्या मध्यावर शास्त्राच्या थोड्या ओळी आणि भोवताली बारीक अक्षरांत टीका असते. क्रिसोस्तोम आणि इतर जुन्या शिक्षकांनी केलेलं स्पष्टीकरण तिथे कडीला कडी जोडावी तसं एकापाठोपाठ एक दिलेलं असतं. म्हणून अशा टीकेला साखळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून कातेना म्हणतात. नव्या कराराच्या अशा पोथ्यांपैकी सर्वांत जुनी समजली जाणारी पोथी लूककृत शुभवर्तमानाची आहे. ती झाकिन्थोस या ग्रीक बेटावरून १८२१ मध्ये बायबल सोसायटीकडे आली आणि आज केंब्रिजच्या विद्यापीठात आहे. तिच्यात सोनं नाही. उलट कोणीतरी जुनी अक्षरं खरवडून त्याच चर्मपत्रावर दुसरं लिहिलं होतं. तरी खालचा लूक आणि त्याच्या तिन्ही बाजूंची टीका आजही वाचता येते.

ही मांडणी आपल्याकडेही नवी नाही. संस्कृत पोथ्यांत मूळ श्लोक मधे आणि टीका वर-खाली, असं लिहिण्याची जुनी पद्धत आहे. आज ज्यांच्याविषयी मनन करायचं आहे त्या पंडिता रमाबाई अशाच पोथ्यांच्या घरात वाढल्या, आणि शेवटी ग्रीक आणि इब्री शास्त्रापर्यंत पोचल्या. शारदा सदन, मुक्ती मिशन ही त्यांची कामं आपल्याला ठाऊक असतात. पण आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी ज्या कामाला दिली, ते आपल्याला कमी ठाऊक असतं. आज त्या कामाकडे पाहू.

पोथी पाठ असलेली मुलगी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकवलं जात असल्याचं त्यांनी पाहिलं, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचं असं मनाशी धरलं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमलं नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई, लग्नात अवघ्या नऊ वर्षांची. तिला त्यांनी शिकवलं. बाईला देवभाषा शिकवतो म्हणून गावात विरोध झाला, तेव्हा ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

पुढे घरची परिस्थिती खालावली आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. नदीच्या घाटावर, देवळाच्या आवारात बसून पुराण वाचायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. लहानग्या रमेला आईने पहाटे उठवून पाठ करून घेतलं. भागवताचे १८ हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. घाटावर ऐकायला बसणाऱ्या कितीतरी लोकांना संस्कृत येत नसे. पण पवित्र शब्द कानावर पडले की पुण्य लागतं अशी श्रद्धा होती. समजलं का, हे फारसं कोणी विचारत नसे. रमाबाईंनी हे अगदी लहानपणापासून, वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं.

मग दुष्काळ आला. १८७४ पासूनच्या त्या वर्षांत घरात अन्न उरलं नाही. आधी वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. पुढे मोठी बहीणही गेली. भाऊ-बहीण दोघंच पायी फिरत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले.

दोन पुस्तकं

कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात तिच्या हाती पवित्र शास्त्राची एक प्रत दिली गेली. प्रत संस्कृतमध्ये होती, छपाई सुंदर होती. रमाबाईंना संस्कृत तर श्वासासारखं. पण त्या पुस्तकाचं संस्कृत त्यांना ओळखीच्या ग्रंथांसारखं वाटेना. वाचण्यात वेळ घालवावा असं त्यांना वाटलं नाही आणि ते पुस्तक तसंच राहिलं.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सिलचरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक पातळ पुस्तक सापडलं होतं : लूककृत शुभवर्तमान, बंगाली भाषेत. बंगाली ही त्यांच्या नवऱ्याची, शेजाऱ्यांची, रोजच्या बोलण्याची भाषा. ते पुस्तक त्यांनी वाचलं आणि त्यात त्यांचं मन गुंतलं.

प्रियांनो, इथे क्षणभर थांबा. विद्वानांच्या भाषेतलं शास्त्र एका विदुषीच्या हातात आलं आणि बाजूला राहिलं. घरातल्या बोलीतलं आलं आणि आत शिरलं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या आयुष्याची खूण या दोन पुस्तकांत आहे.

कोणी सांगतं म्हणून नाही

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. तिथे मराठी नवा करार शिकल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. लंडनमधल्या फुलहॅम इथे त्या भगिनी ज्या स्त्रियांना समाजाने टाकलं होतं त्यांची सेवा करत होत्या. हे बळ कुठून येतं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री दाखवण्यात आली. नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वीचे नीलकंठशास्त्री, यांच्या लिखाणानेही त्यांच्या पुष्कळ शंका सुटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पण रमाबाई प्रश्न विचारायच्या थांबल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना आणि नंतरही भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. मंडळीचा अधिकार, मतं, विधी, सगळ्यावर वाद झाला. रमाबाईंचा आग्रह एकच : मी शास्त्र स्वतः वाचीन आणि जे त्यात आहे ते मानीन. भगिनींना हा गर्व वाटला. दोघींचं प्रेम तुटलं नाही, पण मत जुळलं नाही.

हा स्वभाव कुठून आला हे उघड आहे. मूळ श्लोक हाताशी असल्यावर टीका मूळाशी पडताळून पाहायची, ही शिस्त त्या वडिलांच्या पोथ्यांतून शिकल्या होत्या. तीच शिस्त त्यांनी शुभवर्तमानाला लावली.

चौपाटीचं घर

अमेरिकेत दोन-अडीच वर्षं फिरून, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. समारंभाच्या अध्यक्षा काशीबाई कानिटकर होत्या. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली.

आपल्यापैकी कितीतरी जण चर्नी रोडला उतरून चौपाटीच्या बाजूने रोज जातात. पुढच्या खेपेला जाताना आठवण ठेवा, की केशवपन झालेल्या मुली हातात पाटी घेऊन इथेच शिकायला बसल्या होत्या. आणि हेही आठवा, की मराठी पवित्र शास्त्राचा इतिहास बराचसा याच शहरात घडला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये त्यांनी इथे मराठी नवा करार छापला. त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. म्हणजे गिरगाव-काळबादेवीच्या घराघरांत पोचलेल्या संस्कृत पोथ्या आणि चर्चमधलं मराठी शास्त्र, दोघांच्या अक्षरांचं माहेर एकच.

मुंबईचा खर्च झेपेना म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला गेलं. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत शास्त्र वाचत, प्रार्थना करत. दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ झालं. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, कितीतरी पालकांनी मुली परत नेल्या. दोन्ही बाजूंच्या माणसांना मनापासून दुखलं होतं. ज्यांनी मुली विश्वासाने पाठवल्या त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. आणि दार बंद करून प्रार्थना करणं रमाबाईंना जमणारं नव्हतं.

केडगाव

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपाशी पोटाने रानोमाळ हिंडणं काय असतं हे रमाबाईंना वेगळं सांगायला नको होतं. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन आल्या. पुण्याजवळ दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे मुक्ती उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या बाया कोण होत्या? शेतमजुरांच्या, खेड्यापाड्यांतल्या, बऱ्याचशा निरक्षर. त्यांना रोज मराठी शास्त्र वाचून दाखवलं जायचं. आणि रमाबाईंच्या लक्षात आलं, की पुष्कळ शब्द त्यांना कळत नाहीत. प्रचलित भाषांतरात संस्कृत शब्द भरपूर होते. शिकलेल्याला ते भारदस्त वाटत, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जात. शिवाय काही शब्द जुन्या तत्त्वज्ञानातले होते. ते आपल्याबरोबर दुसराच अर्थ घेऊन येत, आणि हे ओळखायला रमाबाईंइतकं संस्कृत जाणणारं माणूस मंडळीत क्वचितच होतं.

म्हणजे पुन्हा तोच घाट. पवित्र शब्द कानावर पडत आहेत, ऐकणारी हात जोडून बसली आहे, आणि अर्थ पोचत नाही. फक्त पोथी बदलली आहे.

रमाबाईंनी तेव्हा जो निर्णय घेतला तो पाहून मन थक्क होतं. इंग्रजीवरून सोपं मराठी करणं त्यांना सहज जमलं असतं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. मूळ इब्री आणि मूळ ग्रीक वाचूनच भाषांतर करायचं असं त्यांनी ठरवलं. १९०४-०५ च्या सुमारास हे काम सुरू झालं. वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. कानांनी तर तरुणपणापासूनच साथ सोडली होती. बहिरेपणामुळेच डॉक्टर होण्याचा विचार त्यांना इंग्लंडात सोडावा लागला होता. अंगावर शेकडो मुलींची, गोठ्याची, शेताची, शाळेची, रोजच्या धान्याची जबाबदारी. त्यातून वेळ काढून व्याकरणं आणि कोश उघडून बसायचं, एका शब्दासाठी.

नव्या कराराची ग्रीक भाषा ही मुळात पंडितांची नाहीच. बाजारात, बंदरावर, घरच्या पत्रांत वापरली जायची ती साधी ग्रीक. सोन्याच्या शाईत लिहिल्यामुळे ती आपल्याला भारदस्त वाटते एवढंच. भागवत पाठ असलेल्या पंडितेने या साध्या भाषेला मराठीतही साधंच ठेवायचं ठरवलं. ज्या संस्कृतने त्यांना पदव्या दिल्या, कलकत्त्याच्या सभेत मान दिला, ते त्यांनी लिहिताना जाणूनबुजून बाजूला ठेवलं. येत नाही म्हणून सोडणं वेगळं. उत्तम येत असताना दुसऱ्याला कळावं म्हणून सोडणं, हे फार थोड्यांना जमतं.

छपाई केडगावलाच झाली. मुक्तीच्या मुलींनीच खिळे जुळवले, यंत्रं चालवली, बांधणी केली. दुष्काळात रस्त्याकडेला सापडलेल्या मुली शास्त्राची पानं स्वतःच्या हाताने छापत होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईच्या कामाची वारस. रमाबाईंची स्वतःची तब्येत खालावलेली होती. तरी भाषांतर थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत प्रभूने आपल्याला वेळ द्यावा अशी प्रार्थना त्यांनी केली होती असं सांगतात. काम पुरं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. ते बघायला त्या नव्हत्या.

खरं सांगायचं तर हे भाषांतर सगळीकडे रुळलं नाही. आपल्या मंडळ्यांत उपासनेला वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. रमाबाईंची प्रत आज थोड्यांच घरी दिसते. माणसाच्या हिशेबाने पाहिलं तर सतरा-अठरा वर्षांच्या कष्टाचं एवढंच फळ, असं कोणी म्हणेल. पण ज्यांच्यासाठी ते काम सुरू झालं त्या तर समोरच बसल्या होत्या. एज्राचा चौकही काही फार मोठा नव्हता.

आपल्यासाठी

प्रियांनो, आपण शास्त्र रोज वाचतो. पाठ असलेली वचनं तोंडातून झरझर निघतात. नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, समेट, पवित्रीकरण हे शब्द आपण सवयीने बोलतो. परळच्या किंवा लालबागच्या चाळीत शेजारच्या बाईने विचारलं, की याचा अर्थ काय हो, तर आपल्याला घरच्या बोलीत सांगता येईल का? की आपणही घाटावरच्या पुराणिकासारखे वाचून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला पुण्यावर सोडून देतो?

आपल्याला सगळ्यांना ग्रीक शिकता येणार नाही. त्याची गरजही नाही. पण रमाबाईंकडून दोन गोष्टी आज घेता येतील. पहिली, टीका आणि प्रवचनं जरूर वाचा, मात्र पानाच्या मधल्या ओळी आधी वाचा. भोवतालची बारीक अक्षरं त्या मधल्या ओळींसाठी आहेत. दुसरी, आजच्या वाचनातलं एकच वचन घ्या आणि ते घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला किंवा सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, त्यांच्या शब्दांत सांगून बघा. अडखळाल तिथे थांबा. ती जागा आपल्यालाच अजून कळलेली नसते. तिथे परत वाचा.

प्रार्थना : हे देवबापा, तुझं वचन आमच्या बोलीत आमच्या हाती आलं यासाठी ज्यांनी डोळे झिजवले, त्या सर्वांसाठी तुझे आभार मानतो. तुझी दासी रमाबाई हिच्याबद्दल तुझे आभार मानतो. आम्हाला समजेल असं वाचायला शिकव, आणि जे समजलं ते दुसऱ्याला समजेल असं सांगायला नम्रता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.